धावपट्टीचा आकडा

पृथ्वी थंड करण्यासाठी आकाशात भुकटी पसरून ऊन मंद केल्याला सहा वर्षं झाली होती. त्या सकाळी नागपूरच्या धावपट्टीवर बोटभर बर्फ होता. त्याची तपासणी मृणाल देवतळेकडे होती. तिने आकडा कळवायचा: सहा म्हणजे धावपट्टी कोरडी, शून्य म्हणजे ब्रेक लागणारच नाही. तीनच्या खाली विमान उतरवायला मनाई.

गाडीतल्या यंत्राने तीन दाखवले. मृणालने खाली उतरून बुटाने बर्फ सारला. त्याखाली काचेसारखा गुळगुळीत थर गोठला होता. तो यंत्राला कळला नव्हता.

"मॅडम, कोलकात्याचं विमान वर घिरट्या घालतंय," टॉवरमधून ढोबळे म्हणाले. "एका वृद्ध प्रवाशाच्या छातीत दुखतंय. आडनाव देवतळे सांगतायत." त्यांनी आवाज खाली आणला. "यंत्राचे तीनच कळवू का?"

त्या विमानात तिचे बाबा होते, सोबत धाकटा भाऊ प्रफुल्ल.

"एक कळवा," ती म्हणाली.

विमान हैदराबादला वळलं. साडेदहाला प्रफुल्लचा फोन आला. बाबा वाटेतच गेले होते.

"ताई, खरंच उतरता येत नव्हतं का गं?"

"नव्हतं."

विमानात आणखी एकशे चाळीस माणसं होती, हे तिने सांगितलं नाही. तिला रडूही आलं नाही.

प्रफुल्ल बाबांना घेऊन संध्याकाळच्या विमानाने येणार होता. पाच वाजता मृणाल पुन्हा, आता बर्फ काढलेल्या धावपट्टीवर गेली. यंत्र पाच दाखवत होतं. तरीही तिने गुडघ्यावर बसून, हातमोजा काढून, डांबरावर तळवा फिरवून पाहिला.

मग तिने पाच कळवले.