वरमाईचं पान

विहिणींच्या पंगतीत वरमाईचं, म्हणजे उज्ज्वलाताईंचं पान मधोमध मांडलं होतं. धाकट्या बहिणीनं, शोभानं, ते गुपचूप दाराजवळ हलवायला घेतलं. चार घास खाल्ले की ताईला कळ येऊन धावावं लागतं, हे तिला ठाऊक होतं.

“राहू दे तिथंच,” ताई म्हणाल्या. “डॉक्टरांनी पोटात पाळीव जंत सोडलेत. आतडं शांत ठेवतात.”

“जंत? अगं बाई! आधी वावडिंगाचा काढा घे!”

“खबरदार! मरतील बिचारे.”

विहीणबाईंनी जिलेबी वाढली. ताईंच्या पोटात गुडगुडलं. त्या श्वास रोखून बसल्या. गुडगुड हळूहळू विरली.

“अजून वाढा,” त्या म्हणाल्या.

वरमाईआधी कुणी उठायचं नाही, म्हणून सगळ्यांचे हात वाळत आले, तरी उज्ज्वलाताई जेवतच होत्या.