सिद्रामप्पाचं रडणं

शुक्रवार पेठेत सिद्रामप्पासारखा मायाळू माणूस नाही, असं सगळे म्हणत. त्याची पहिली बायको आडात पडून गेली, तेव्हा तो असा रडला की परक्यांचेही डोळे वाहिले.

"लई जीव लावणारा नवरा मिळाला बघ तुला," शेजारची काशम्मा नीलव्वाला म्हणायची. नीलव्वा त्याची दुसरी बायको. १९२८च्या उन्हाळ्यात त्यांच्या लग्नाला तीन महिने झाले होते.

एकदा दारापुढं एक कुत्रं टांग्याखाली सापडलं. ते तडफडत होतं तोवर सिद्रामप्पा वाकून निवांत बघत राहिला. लोक धावत आले, आणि त्याचे डोळे भरून आले. नीलव्वानं ते पाहिलं, पण सांगणार कुणाला?

त्याच आठवड्यात, गिरणीचा दुपारचा भोंगा होऊन गेल्यावर, आतल्या खोलीतून हुंदके ऐकू आले. पहिलीची आठवण आली असेल, असं वाटून तिला त्याची कीव आली. पाण्याचा तांब्या घेऊन ती दाराशी गेली.

सिद्रामप्पा आरशासमोर बसला होता. त्याचा चेहरा कोरडा होता, ओठ मिटलेले होते. आरशातला चेहरा मात्र तोंड वासून रडत होता, आणि हुंदके तिथूनच येत होते.

सिद्रामप्पानं नापसंतीनं मान हलवली. आरशातला चेहरा गप्प झाला. मग तो पुन्हा रडू लागला, या वेळी हळू, अगदी खऱ्यासारखा.

"नीलव्वा... मला टाकून कुटं गेलीस गं..."

तिच्या हातून तांब्या सुटला.

सिद्रामप्पा वळून गोड हसला. त्याच्या मागं आरशात रडणं चालूच होतं.

"ये की," तो म्हणाला. "आता बरं जमलंय न्हवं?"