बाबांची शाल

शाल्मलीने कपाटातून काढलेल्या काळ्या डब्याला कान लावला. आतून टक्, टक्, जरा थांबून पुन्हा टक्. निवृत्तीनंतर बाबांनी हा सर्व्हर स्वतःच्या हातांनी जुळवला होता. घरातले सगळे फोटो आणि त्यांनी हौसेने गायलेली नाट्यपदं त्यातल्या एकाच हार्ड डिस्कवर होती.

"संध्याकाळी दिवा लावला की त्यांचं एक पद लावते," आई म्हणाली. "कालपासून मध्येच अडकतंय."

शाल्मलीने लॅपटॉपवर डिस्कच्या तापमानाचा आलेख उघडला. एरवी सपाट चाललेली रेघ बाबांच्या तेराव्यानंतर जी चढली होती, ती खाली आलीच नव्हती. पंखा तर नीट फिरत होता. मग तिची नजर आईच्या मांडीवरच्या करड्या शालीकडे गेली. मघाशी आईनेच ती डब्यावरून अलगद उचलली होती.

"ही रोज यावर असते?"

"हो. दिवे लुकलुकतात ना, जिवंत वाटतं गं. आणि त्यांना थंडी कुठे सोसायची?"

शाल्मली जमेल तेवढं लॅपटॉपवर उतरवायला बसली. थोडे फोटो निघाले. गाणं मात्र एकही निघालं नाही, आणि टकटक थांबली.

"माझं काही चुकलं का गं?"

"नाही गं आई. डिस्कचं वय झालं होतं."

तिने बटण बंद केलं. मग आईच्या मांडीवरची शाल उचलली आणि डब्यावर चारही बाजूंनी नीट पांघरली.