साडेचार हजारांत एक

"तीन पत्तीचा एकच डाव. मला हरवलंस तर पुण्याला जा, नायतर विषय बंद," गणपतीसाठी जमलेल्या सगळ्या भावकीसमोर धोंडूबाई सुनेला म्हणाल्या. बँकेत लागलेल्या रुचिताला सहा महिन्यांचं ट्रेनिंग पुण्याला होतं आणि सासरे नाहीच म्हणत होते. आता मात्र त्यांनी हसत मान डोलावली. आपली बायको पिसताना हवे तसे पत्ते लावते हे अख्ख्या वैशाखरे गावाला ठाऊक होतं. तिच्या हातात पिसायला कोणी कॅट देत नसे.

आज धोंडूबाईंनीच पिसले, त्यांनीच वाटले.

रुचितानं पत्ते उचलले. राजा. आणखी एक राजा. तिसराही राजाच. तिची कानशिलं तापली. संख्याशास्त्र शिकलेलं डोकं आपोआप चालू झालं. आता हरवतील ते फक्त तीन एक्के, आणि ते समोर असण्याची शक्यता साडेचार हजारांत एक. पण वाटलेत कोणी? तिनं चोरून पाहिलं. सासूबाई शांतपणे पान चघळत होत्या.

"शो," ती कशीबशी म्हणाली.

धोंडूबाईंनी पत्ते उलटे केले. दुर्री, पंजी, नव्वी.

मांडवात एकच गलका झाला. सासरे पत्त्यांकडे बघतच राहिले. रुचिता मात्र अजून पुटपुटत होती, "पण आई, मला तीन राजे यायची शक्यता तर साडेपाच हजारांत..."

"ते गणित नको करू गो," पत्ते गोळा करता करता धोंडूबाई हळूच म्हणाल्या. "बॅग भर."