चेकिंगच्या टेबलावरची जागा

"मावशी, अक्कल गहाण टाकलीत की काय?" मास्तरांनी हातातला शर्ट टेबलावर आपटला. "पोरीला एवढे चांगले मार्क पडले आणि तुम्ही तिला इथे दोरे कापायला बसवणार?"

मावशी मान खाली घालून बसली होती. या शिलाई कारखान्यात तिची उभी हयात गेली होती. शिवून आलेला शर्ट तपासायचा, सुटलेले दोरे कापायचे, शिवण चुकली असेल तर तो बाजूला टाकायचा. आता तिला शिवणच दिसेनाशी झाली होती. या आठवड्याअखेर ती काम सोडणार होती.

कारखान्यात एक जुनी रीत होती. पक्क्या जागेवरचं माणूस थकलं की त्याच्या घरातलं कोणीतरी त्या जागेवर बसायचं. घरच्यांनी मालकांसमोर स्वतःच्या तोंडाने नको म्हटलं, तरच ती जागा दुसऱ्या कोणाला मिळायची. मावशीची मुलगी नुकतीच बारावी झाली होती. टेबलाशी उभी राहून ती आईचं काम बघत होती. कात्री हातात होती, पण चालत नव्हती.

मास्तर खरे तर सुपरवायझर. उठताबसता उपदेश करायची खोड, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांना या माणसांची कीवसुद्धा येत नसे. कीव यायला समोरचा निदान आपल्या बरोबरीचा वाटावा लागतो. ही सगळी मेंढरं. एक खड्ड्यात पडलं की बाकीची रांगेने मागोमाग.

"तुला काय शिकायचंय गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

तिने आधी आईकडे पाहिलं. "रसायनशास्त्र. कॉलेजात प्रवेश मिळालाय. उद्यापर्यंत जाऊन घ्यायचाय."

"ऐका! गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते खोटं नाही."

पलीकडे काजं करणारी बाई फिस्सकन हसली. "मास्तर, माझ्या पोराला शाळेतून काढला तेव्हा नाही तुम्हाला एवढा कळवळा आला!"

"तुझ्या दिवट्याला काढला तेव्हा शाळेने सुटकेचा निःश्वास टाकला. तू तुझी काजं बघ."

चार मशिनी हसण्यासाठी थांबल्या आणि मास्तरांनी मान वळवताच पुन्हा सुरू झाल्या.

मावशी हळूच म्हणाली, "पण मास्तर, पक्की जागा आहे. बसून काम आहे. एकदा हातची गेली की पुन्हा मिळायची नाही. आणि शिकूनही नोकरी लागली नाही तर? तो खोकी उचलणारा पोरगा पदवीधर आहे म्हणतात."

"पदवीधर! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कशीबशी पास झालेली ती जात. तुमची पोरगी तसली आहे का?"

"छे हो."

"मग आपल्या भीतीपायी तिच्या पायात दोरखंड का बांधताय? तुमचे डोळे गेले ते गेले. तिचे आहेत ना शाबूत?"

मुलीने कात्री खाली ठेवली. मावशी टेबलाच्या गुळगुळीत झालेल्या कडेवरून हात फिरवत राहिली.

"तुमचीही मुलगी हुशार आहे ना, मास्तर? हिच्याच बरोबरीची. तिचं काय करणार?"

"तिचं मी कधीच ठरवलंय," मास्तर म्हणाले. "बापाने पोरीचं भलं बघायचं नाही, तर कोणी बघायचं?"

मावशीने मान डोलावली. "तुम्ही जाणती माणसं. तुम्ही स्वतः करता तेच सांगणार. चल गं पोरी."

मालकांच्या खोलीत मावशी दाराशीच उभी राहिली. मास्तरांनी खूण केली, तेव्हा एकेक शब्द चाचपत बोलली. "साहेब, माझ्या घरातलं कोणी येणार नाही कामाला. पोरगी शिकणार आहे."

"नक्की? नंतर रडत यायचं नाही हं," मालक म्हणाले.

"नाही येणार."

बाहेर पडताना मुलीचे डोळे भरून आले होते. "सर, तुम्ही नसतात तर मी इथेच राहिले असते."

"मन लावून शीक. मागे वळून बघू नकोस," मास्तर म्हणाले आणि मालकांशी थोडं बोलायला पुन्हा आत गेले.

सुट्टी झाल्यावर ते बाहेर पडले, तेव्हा फाटकापाशी नेहमीचा घोळका होता. शिकलेली, इस्त्रीचे कपडे घातलेली, कुठल्याही कामाला तयार असलेली पोरं. "सर, काही आहे का?" एकाने विचारलं. माशी हाकलावी तसा मास्तरांनी हात हलवला. इतकी वर्षं पुस्तकं चघळून यांना साधं ताठ उभंही राहता येत नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी पावलं उचलली.

घराच्या दारातच त्यांची मुलगी वाट बघत होती. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"बाबा, मला मिळाला प्रवेश! आपल्या गल्लीतून मी एकटीच. उद्या शेवटचा दिवस आहे, याल ना बरोबर?"

मास्तरांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. तिने पुढे केलेलं पाणी ते सावकाश प्यायले आणि त्यांनी पेला तिच्या हातात परत दिला.

"उद्या कुठेही जायचं नाही," ते म्हणाले. "कारखान्यात एक पक्की जागा मोकळी झाली आहे. मालकांना मी तुझं नाव सांगून आलोय."