ग्रहणातली कडी

गोरख दाराच्या कडीला हात लावून बसला होता. आत अंधाऱ्या खोलीत त्याची बायको चांगुणा पाटावर बसलेली. आठवा महिना. हालायचं नाही, निजायचं नाही, अंग खाजवायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही.

“अवं, डोस्कं फुटतंय,” ती आतून म्हणाली.

“ग्रहण सुटू दे. घटकाभराचा तर सवाल हाय.”

“डोळ्यांपुढं काजवं दिसत्यात.”

“उपाशी हाईस म्हनून. मीबी उपाशीच हाय की.”

ते खरं होतं. सकाळपासून त्यानंही तोंडात काही घातलं नव्हतं. नव्व्याण्णव सालची आषाढी अवस होती ती. टीव्हीवाल्यांनी महिनाभर त्या ग्रहणाची भीती घातली होती. त्यांच्या डोंगरातल्या तळेघरला तर पंधरा दिवसांत सूर्य कुणी पाहिला नव्हता. नुसतं धुकं आणि भुरभुर, अंगणासमोरचा फणस दिसत नव्हता. तरी त्या न दिसणाऱ्या सूर्याच्या धाकानं अख्खी वाडी दारं लावून बसली होती.

गोरख मंचरला कांद्याच्या वखारीत कामाला होता. मालकाच्या शिव्या खाऊन तो खास या दिवसासाठी घरी आला होता. चार वर्षांमागं, दिवाळीतल्या ग्रहणात, त्याच्या वहिनीनं विळीवर भाजी चिरली म्हणे, आणि पोर फाटक्या ओठाचं जन्मलं. भावकीनं वहिनीला पुरतं सोलून काढलं. आपलं पोर तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच गोरखच्या डोक्यात होतं. त्यानं विळी लपवली. सुया उचलल्या. कोयता माळ्यावर टाकला. कौलांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. वाडीतल्या बायका म्हणाल्या, “नवरा असावा तर असा!” चांगुणाच्या पायांवर चढलेली सूज मात्र त्याला दिसली नाही. बायकोच्या पायांकडं आमच्यात कोण बघतो?

आत काहीतरी धप्पकन पडलं.

“चांगुणे?”

मग घशातली घुरघुर, आणि पाट भुईवर खटखट आपटल्याचा आवाज.

चुलीपाशी जप करत बसलेली त्याची आई, प्रयागबाई, धावत आली आणि दारासमोर आडवी उभी राहिली. “गोरख्या, उघडू नको! ग्रहणात बाहीर काढलीस तर पोराचं वाटूळं व्हईल. आन मग भावजयीला बोललास तसं हिलाबी बोलत बसशील.”

पुतण्याचा फाटका ओठ डोळ्यांपुढं आला. आतली खटखट थांबेना. कडी त्याच्याच हातात होती, आणि तो हात काही केल्या उचलेना.

मग खटखट एकदम थांबली. त्या शांततेनं त्याची भीती फिरली.

“आये, सरक. पोराचं ऱ्हाऊ दे बाजूला. माझी बायकू मरतीय.”

चांगुणा कुशीवर पडली होती. डोळे पांढरे, जबडा आवळलेला, तोंडाला फेस. त्यानं तिला उचललं आणि अनवाणी धुक्यात पळाला. “गाडी काढा रं! कुनीतरी गाडी काढा!” वाडीत एकही दार उघडलं नाही. एका फटीतून डोळा दिसला. गरवार बाई ग्रहणात बाहेर आलेली पाहून ती फटही मिटली. त्या वाडीतल्या प्रत्येक घरात माणसं होती आणि वाटेवर एकही माणूस नव्हता.

जीप एकच होती, भगवंताची. घोडेगावपर्यंत तो शिटा भरून वडाप करायचा. भगवंत घरापुढं पडवीतच सापडला. दाराला पाठ लावून, कडीला हात लावून बसलेला. त्याचीही बायको गरवार होती. सातवा सरत आलेला.

“भगवंता, घोडेगावला दवाखान्यात न्यायचंय. ऊठ.”

भगवंतानं मान फिरवली. “आज न्हाई रं जमायचं. माझीबी आत बसलीय. गरवार बाईच्या नवऱ्यानं ग्रहणात गाडी काढायची व्हय? काय झालं तर कुनाच्या तोंडाकडं बघू?”

गोरखनं त्याला शिवी दिली नाही. पायाही पडला नाही. त्यानं चांगुणाला भगवंताच्या पुढ्यात पडवीत कुशीवर ठेवलं. नुसतं ठेवलं.

तिला पुन्हा झटका आला. टाचा भुईवर घासू लागल्या. जीभ दातांत चिरडून हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला. भगवंत पाय जवळ ओढून घेत भिंतीला चिकटला. वडापवर शंभर तऱ्हेची माणसं वाहिलेला गडी, पण असलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“काय झालं हिला? काय झालं एकाएकी?”

“एकाएकी न्हाई. डोस्कं दुखतंय म्हनत व्हती. मी म्हनलं, ग्रहण सुटू दे.”

झटका ओसरला. चांगुणाचा श्वास घरघरत होता, पण होता. भगवंत उठला. गोरखला वाटलं, निघाला जीपकडं. तो जीपकडं गेला नाही. तो आपल्याच दाराकडं वळला आणि फळीला तोंड लावलं.

“ए... आगं... तुझं न्हाई ना डोस्कं दुखत?”

भगवंतानं फळीला कान लावला. मग दाराच्या अगदी लगत, इतका वेळ ती तिथंच उभी असावी असा, बाईचा आवाज आला.

“कडी काढा. आदी तिला गाडीत घाला, माझं वाटंत सांगते. सात महिन्यांत आज पयल्यांदा इचारलंत.”