जोडीचे शब्द

एकोणीसशे एकाहत्तर साल. सून नुकतीच शाळेत भाषा शिकवू लागली होती आणि घरी सासूबाईंचं बोलणं ऐकून तिचे हात लाल पेन्सिलीसाठी शिवशिवायचे. 'परत पुन्हा', 'अजून आणखी'. एका शब्दात भागत असताना दोन कशाला? बरं, शेजारणीशी बोलताना सासूबाई अगदी नेटकं बोलायच्या. ही जोडी फक्त मामंजींच्या वाट्याला. का, ते काही सुनेला उमगत नव्हतं.

त्या रविवारी छापखान्याचे नवे मालक न सांगता दारात उभे राहिले. मामंजी त्यांच्याकडे मशीनवर होते.

"तुमच्या यजमानांना हल्ली ऐकू येत नाही म्हणे," ते सासूबाईंना म्हणाले. "तसं असेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"कोण मेला म्हणतो असं?" सासूबाई हसल्या. "या ना, बसा."

मामंजी येऊन बसले, चहा आला. कपात तोंड घालूनच मालकांनी मामंजींना विचारलं, "चिरंजीव काय करतात?"

मामंजी नुसतेच गोड हसले.

"अहो, आपला मुलगा!" सासूबाई झटकन म्हणाल्या. "आपलं पोरगं करतं काय, विचारतायत!"

"तो होय? टपाल खात्यात आहे."

सून बघतच राहिली. एक शब्द निसटला तर दुसरा हाती लागावा, म्हणून दोन!

तेवढ्यात आतून दूध करपल्याचा वास आला आणि सासूबाई उठून धावल्या. मालकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "उद्या जरा लवकर याल?"

मामंजी पुन्हा नुसतेच गोड हसले. मालकांची भुवई वर चढली.

शाळेत जे वाक्य तिनं उभं-आडवं खोडलं असतं, तेच सुनेच्या तोंडून बाहेर पडलं. "मामंजी, उद्या लवकर जाल ना? वेळेच्या आधी अगोदर, पहाटे सकाळीच?"

"जाईन की," मामंजी म्हणाले. "पण ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?"

मालक पोट धरून हसले.

मामंजी मशीनवरूनच निवृत्त झाले. मालकांनी पुढे छापखाना विकून टाकला. सून मुख्याध्यापिका झाली. मुलांच्या 'परत पुन्हा'वर तिची पेन्सिल अडखळायची ती अडखळायचीच. मामंजींच्या मागे सासूबाई बरीच वर्षं होत्या. बोलायच्या, हसायच्याही. पण शब्द एकेकटेच यायचे.